मशीनला एसी, सरांना ओला टॉवेल

तरी दिघे सर म्हणतातच, "मला कुठे गरम होतं?" अहो सर, ग्वाल्हेरचा जेठ आहे हा, शिमला नव्हे.

हे भांडण आमचं जुनं आहे. थाटीपुरात सरांच्या घरातच औषधं तपासायची प्रयोगशाळा आहे. आतल्या खोलीत मशीन, तिला दिवसरात्र एसी. बाहेरच्या खोलीत सर, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन. दिघेकाकू म्हणतात, "मशीनला जावयासारखं ठेवलंय, आणि हे घरगडी."

सरांना आता पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांचे शिकलेले शिष्य लिहितील. मी आठवीपर्यंतचा, पण मंडळी म्हणाली, तूही लिही.

पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी चौथी नोकरी सोडली होती. सरांनी कारण विचारलं. म्हटलं, "बैठा नहीं जाता, सर." ते म्हणाले, "मग बसू नका. स्कूटर घ्या, कारखान्यांतून नमुने आणा." मला जन्मात पहिल्यांदा कुणी अहो-जाहो केलं, ते सरांनी.

गोळी बनायच्या आधी औषधाची भुकटी असते. ती बनवताना कधी कॅन्सर करणारा अंश तयार होतो, इतका थोडा की वास नाही, रंग नाही. पण गोळी रोज, वर्षानुवर्षं खायची असेल तर तेवढाही नको. तो शोधणं हे सरांचं काम. नमुन्याच्या आधी ते नेहमी औषध नसलेली कुपी मशीनला लावतात, आत नुसतं द्रावण. म्हणतात, "आधी आपलं भांडं स्वच्छ आहे का ते पाहू."

एकदा ब्लडप्रेशरच्या औषधाच्या भुकटीत तो अंश दिसला. सरांनी आधी स्वतःवरच संशय घेतला. कुप्या बदलल्या, पाणी बदललं, माझ्या हातांतले रबरी मोजे काढायला लावले, रबरातूनही येतो म्हणाले. मग औषध नसलेली कुपी साफ निघाली, आणि भुकटीत तो अंश पुन्हा तिथेच.

कारखान्याचे साहेब आले. "सर, इतना तो चलता है."

सर शांतपणे म्हणाले, "चालतं की नाही, ते रोज खाणाऱ्याला विचारा. आमच्या घरात एक आहेत, बोलावू?" काकू चहा घेऊन दारातच उभ्या होत्या.

रिपोर्ट बदलला नाही. सगळ्यांत जास्त काम त्याच कारखान्याचं होतं, ते बंद झालं. बाहेरच्या खोलीच्या एसीसाठी ठेवलेले पैसे आम्हां पोरांच्या पगारात गेले. सरांनी हे सांगितलं नाही, काकूंनी सांगितलं.

गेल्या उन्हाळ्यात सरांना उन्हाची लू लागली. कंपू भागातल्या दवाखान्यात सलाइन लावलेलं, आणि डोळे उघडताच विचारतात, "एसी चालू आहे ना?"

काकू म्हणाल्या, "तिचा चालू आहे. तुमचा कधी घेताय?"

हे मला फोनवर कळलं. मी आता शारजात औषधांच्या थंड गोदामात आहे. बाहेर आग, आणि मी आत स्वेटर घालून खोकी उचलतो. तेव्हा सरांचा टॉवेल डोळ्यांपुढे येतो.

सरांना शंभर वर्षं निरोगी आयुष्य लाभो, असं सगळेच म्हणतील. मीही म्हणतो, पण थंड खोलीत लाभो. पैसे सरांच्या हाती पडले तर नव्या कुप्या येतील. म्हणून काकूंच्या खात्यात पाठवतो आहे. बाहेरच्या खोलीचा एसी, बसवण्याच्या खर्चासकट: अडतीस हजार रुपये.