येते हं

त्या भुताच्या सिनेमाच्या पहिल्या भागात भूत दिसलंच नव्हतं. शेवटी फक्त रिकाम्या उंबऱ्यावरून एका बाईचा आवाज आला होता, "येते हं." निघताना 'जाते' म्हणू नये, म्हणून आपण सगळेच 'येते' म्हणतो. त्या रोजच्या शब्दानं माझी झोप उडवली होती.

काल दुपारी बहिणीबरोबर दुसरा भाग पाहिला. त्यात ती खरंच आली. पांढरे डोळे, मोकळे केस आणि वर तासभर स्वतःची रडकथा. ती किंचाळत असताना बहीण पर्समधून आणलेलं संत्रं सोलत होती. एक फोड माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "गोड आहे, खा."

बाहेर आल्यावर म्हणाली, "आता पहिल्याचीही मजा गेली."

मुळीच नाही! माझी भीती माझी आहे. कुणी तिला रंग फासून नाचवलं म्हणून मी ती टाकून देणार नाही. दुसरा भाग मी पाहिलेलाच नाही, जा!

बहीण हसत रिक्षात बसली. हात हलवून म्हणाली, "येते गं."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. म्हटलं, बघा, आहे अजून.