न्यूरेंबर्गची विहीर

कुसुम,

वाशीमच्या स्टेशनावर आमची गाडी सुटली तेव्हा तू आजीच्या कडेवर बसून मुरमुरे खात होतीस. तीन वर्षांची होतीस, माझ्याकडे तुझं लक्षही नव्हतं. माझे वडील खिडकीशी आले आणि म्हणाले, "दोन सालं तं पाहता पाहता जातात, बाई. मांगं पाहू नको." मी पाहिलं नाही. वडिलांचं ऐकायची सवय होती.

तुझ्या बाबांना जर्मनीत रसायनशास्त्र शिकायला शिष्यवृत्ती मिळाली होती. एर्लांगन गावात एकच खोली मिळाली, आणि घरमालकिणीला लेकरू नको होतं. म्हणून तू केनवडला आजीजवळ राहिलीस. दोन वर्षांनी चैत्रात परतायचं ठरलं होतं. तिथं मी कोळशाची शेगडी पेटवायला शिकले, दुकानात मागताना 'बिट्टं' आणि घेतल्यावर 'डांकं' म्हणायला शिकले, आणि चैत्राची वाट पाहत राहिले.

दुसऱ्या हिवाळ्यात एका रविवारी बाबा म्हणाले, "चाल, तुले न्यूरेंबर्ग दाखवतो." मला वाटलं, आता निघायचे दिवस आले, म्हणून फिरवतात. आनंदानं निघाले.

पण तो दिवस सकाळपासूनच वैतागाचा गेला. लुगड्यावर बाबांचा जुना ओव्हरकोट घातलेला, येणारा-जाणारा वळून पाहायचा. लढाईत शहर पार मोडलं होतं. कुठं नवी घरं उभी, कुठं नुसती एक भिंत आणि आत बर्फ. बाबा हातात माहितीचं पुस्तक धरून प्रत्येक भिंतीपुढं थांबत आणि तिचं वय सांगत. बारा वाजता एका चर्चच्या घड्याळात राजाभोवती बाहुल्या फिरतात म्हणून अर्धा तास थंडीत उभे राहिलो. पुढं सगळी उंच माणसं. मला त्यांच्या टोप्या तेवढ्या दिसल्या. खानावळीत मांसाशिवाय काही नव्हतं. रस्त्यावर एक बाई भाजलेले चेस्टनट विकत होती, चवीला शिंगाड्यासारखे. तेवढंच पोटात गेलं. घरी जाऊ, असं मी दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा किल्ला राहिलाय म्हणाले.

किल्ला टेकडीवर. बर्फावरून घसरत, त्यांचा हात धरत वर गेले, तर तिथं दाखवली काय, विहीर! समुद्र ओलांडून येऊन मी विहीर पाहत होते. दाखवणाऱ्या माणसानं तांब्याभर पाणी आत ओतलं आणि ओठांवर बोट ठेवलं. विहीर इतकी खोल की पाणी तळाला पोचल्याचा आवाज यायला वेळ लागतो, तो गप्प राहून ऐकायचा असतो. सगळे गप्प झाले. तेव्हा बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "मले इथंच कारखान्यात काम भेटलं. अजून तीन वर्सं राहू."

खालचा आवाज मी ऐकलाच नाही.

"तुमी हो म्हणाले?"

"सही केली. मंगळवारी."

"मंग आता मले कायले सांगून राह्यले?"

लोक पाहतात, हळू बोल, असं ते म्हणाले. आमची भाषा तिथं कोणाला कळणार होती? मी एकटीच उतरायला लागले. ते मागून येत राहिले, आणि एका वळणावर खरोखर म्हणाले की पुस्तकातल्या एका जुन्या चित्रकाराचं घर पाहायचं राहिलं. गाडीत मी एकच वाक्य बोलले. "तुमी राहा. मी चैतात जाईन."

गेले. एकटी, बोटीनं. केनवडला अंगणात तू आजीच्या पदराआड लपलीस आणि तिलाच आई म्हणून विचारलंस, "आई, हे बाई कवा जाईन?" आजीनं तुला दटावलं. मी हातपाय धुऊन चुलीपुढं बसले. दिवाळीपर्यंत तू माझ्या हातची भाकर खाल्ली नाहीस. बाबा तीन वर्षांनी आले, तेव्हा तू त्यांना पाहून शेजारी पळालीस. त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं, की त्या दिवशी थंडी फार होती म्हणून मी चिडले.

हे सगळं आज लिहायचं कारण तुझं परवाचं पत्र. तुम्ही दोघं कॅनडाला निघालात, आणि लेकीला, मीनूला, दोन वर्षं माझ्याकडं ठेवायचं म्हणतेस. मला जमेल गं. पोर लाघवी आहे, मलाही सोबत होईल. म्हणूनच नाही म्हणते. दोन वर्षांत ती माझी होईल, आणि मग तुझी व्हायला तिला किती काळ लागेल ते मला सांगता यायचं नाही.

तिकडं खोली लहान असेल, तिला भाषा यायची नाही, रडेल. रडू दे. तुम्ही तिघं जिथं जाल तिथं घर होईल. तिला मागं ठेवलंत तर ते तिथं व्हायचं नाही, आणि इथंही राहायचं नाही. जायच्या आधी महिनाभर केनवडला या, मन भरून राहा.

आणि आधी मीनूचा पासपोर्ट काढा.

तुझी आई