लाल मिरचीचं झाड

ताईला बघायला नागपूरहून पाहुणे आले ते भाड्याच्या अँबॅसिडरमधून. मुलगा बँकेत, सीताबर्डीत स्वतःचा बंगला, वडील सरकारी कचेरीतून साहेब म्हणून निवृत्त. ताईला आधी दोन नकार आले होते, त्यामुळे हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, असं घरात ठरलेलं.

पोहे झाले, आणि साहेबांना आमचं भिवापूरचं शेत बघायची हुक्की आली. मिरची कशी पिकते ते मुलालाही कळावं, म्हणाले. खरं तर जमीन किती ते बघायचं होतं. एवढं न कळण्याइतके आम्ही दूधखुळे नव्हतो. मुलामुलीची ओळख होईल म्हणून ताईलाही सोबत घेतलं.

संक्रांत नुकतीच झाली होती, शेतात तोडणी चाललेली. साहेब बांधावर उभे राहून शिकायचं सोडून शिकवायलाच लागले. खत कोणतं, पाणी किती, सगळं. मग काठी रोखून म्हणाले, "हिरव्या मिरचीचं झाड वेगळं, लाल मिरचीचं वेगळं. लोकांना हे माहीत नसतं."

हिरवीच पिकून लाल होते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. वडिलांचं तर अर्धं आयुष्य मिरचीत गेलेलं. ते हात जोडून म्हणाले, "हो जी, बरोबर बोलले तुमी."

"मग दोन्ही दाखवा."

आता आली पंचाईत. पण मुलाच्या बापाला चूक कोण म्हणणार? वडिलांनी डोळ्यांनी खुणावलं. काकांनी एका झाडाच्या हिरव्या मिरच्या भराभर तोडून खिशात कोंबल्या. आईनं पदराआड दुसऱ्या झाडाच्या लाल मिरच्या ओरबाडल्या. आमच्या घरात एवढी एकजूट मी आधी कधी पाहिली नव्हती. त्या घाईत आईनं त्याच हातानं कपाळाचा घाम पुसला आणि डोळ्यांना धारा लागल्या. विहीणबाई भावुक झाल्या, असं साहेब म्हणाले.

मुलगा ताईशेजारी उभा होता. त्याच्या टेरिकॉटच्या पँटला टेकलेल्या फांदीवर हिरवी, अर्धवट पिकलेली आणि लालभडक अशा तिन्ही मिरच्या लटकत होत्या. त्यानं ती फांदी नीट बघितली. ताईनं त्याला बघताना बघितलं.

"पाहिलंस ना?" साहेबांनी विचारलं.

"हो बाबा. वेगवेगळीच आहेत."

मला असा संताप आला, की मूठभर मिरच्या त्याच्या तोंडात कोंबाव्या.

आठवड्यानं निरोप आला, मुलगी पसंत. वडिलांना आभाळ ठेंगणं झालं. ताई म्हणाली, "मले नाही करायचं हे लग्न."

"काहून वं? पोरगा गरीब गाय हाय. बापाच्या शब्दाबाहेर नाही."

"तेच तं सांगून राहिली ना, बाबा. तुमाले एक दुपार हो जी म्हना लागलं. मले जलमभर म्हना लागन."