रुखवतातली साडेचारशे कोटी वर्षं

लेकीच्या लग्नात रुखवत मांडायचंच, हा माझा हट्ट होता. आणि मांडायचंच असेल तर त्यात भातुकली, सजवलेल्या सुपाऱ्या आणि लोकरीचं तोरण चालणार नाही, हा तिचा. ती भूगर्भशास्त्रातली. ठाण्याच्या एका कॉलेजात शिकवते, आणि दर उन्हाळ्यात हिमालयात, स्पितीच्या खोऱ्यात, हातोडा घेऊन दगड फोडायला जाते. ती म्हणाली, "आई, कर रुखवत, पण माझ्या विषयाचं कर. पृथ्वी तापलेला गोळा होती तिथपासून आपल्यापर्यंत. सगळे पिरियड्स." मी म्हटलं, करू की. शेवटी फराळच करायचा, तो ज्युरासिक काय नि आजचा काय. बोलून बसले खरी, आणि मग सगळा एप्रिल त्याची फळं भोगली.

लोकांना वाटलं, हौस आहे. हौस होतीच, पण मनात दुसरंही काही होतं. साखरपुड्याआधीच्या बैठकीत मी सहज बोलून गेले होते की ही दोन-दोन महिने डोंगरात असते. त्यावर होणाऱ्या जावयाने स्वतः काही न बोलता आपल्या आईकडे पाहिलं. विहीणबाई ठाण्याच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, मोजकं बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "बघू, पुढचं पुढे." एवढंच. आता 'बघू'चा अर्थ मला कोणी सांगायला नको. बँकेत कर्ज मागायला येणाऱ्यांना मी जन्मभर तेच सांगत आले.

लेकीला विचारलं तर म्हणाली, आई, चिल, लग्नानंतर बोलेन मी. कोटी वर्षांत वावरणारी माणसं अशीच असतात, त्यांना कशाचीच घाई नसते. मला होती. तिचं हे काम सुटलं तर ती संसार नीट करेल, हसेल, बोलेल, पण आतून विझून जाईल, हे मला दिसत होतं. म्हणून विहीणबाईंना दाखवायचं होतं, ही पोरगी त्या डोंगरात जाऊन नेमकं करते काय. सांगून जे पटत नाही ते ताटात वाढून पटतं, असा माझा संसारातला अनुभव आहे.

पहिलं भांडण टेबलाच्या लांबीवरून झालं. कल्याणच्या हॉलवर रुखवताला दोन लांब टेबलं मिळणार होती. लेकीने कागदावर हिशेब केला आणि जाहीर केलं की खऱ्या प्रमाणात मांडायचं तर पावणेदोन टेबलांवर नुसतं शेवाळ आणि जिवाणू येतील. डोळ्यांत भरावा असा जीव उरलेल्या पाव टेबलावर, आणि माणूस अगदी कडेला, खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. मी म्हटलं, बाई गं, वऱ्हाडी शेवाळ बघायला येत नाहीत. बरीच घासाघीस होऊन एका ताटात पिस्त्याची बर्फी थापायची आणि त्यात तीनशे कोटी वर्षं उरकायची असं ठरलं. ती कबूल झाली, पण दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

मग टिटवाळ्याहून माझ्या नणंदबाई आल्या. वन्सं आमच्यात सगळ्यात मोठ्या. डोंबिवलीच्या आमच्या घरातलं एकही कार्य त्यांच्या सोऱ्याशिवाय आणि त्यांच्या हरकतींशिवाय पार पडलेलं नाही. पहिली हरकत कोळशाला. पृथ्वीवर घनदाट अरण्यं माजली आणि त्यांचा कोळसा झाला, त्या काळासाठी मी काळ्या तिळाची वडी योजली होती. वन्सं म्हणाल्या, काळे तीळ श्राद्धाला, लग्नात नाही. कोळसा खजुराचा झाला. दुसरी हरकत माशांना. मासे पहिल्यांदा भरभराटीला आले तो काळ दाखवायचा म्हणून लेकीने खोबऱ्याच्या वडीचे मासे कापले होते. मासा खोबऱ्याचा आहे, शाकाहारी आहे, असं बऱ्याच वेळा सांगितल्यावर वन्संनी तो चाखून पाहिला आणि पास केला.

ज्युरासिकने मात्र त्यांना जिंकलं. त्या काळी समुद्रात वेटोळ्या शंखांचे प्राणी होते, त्यांच्यासाठी चकल्या पाडायच्या होत्या. कशा दिसतात ते कळावं म्हणून लेकीने फोनवर स्पितीतल्या एका दगडाचा फोटो दाखवला. वन्संनी चष्मा लावून पाहिला आणि हा तर शाळिग्राम आहे म्हणाल्या. लेक म्हणाली, आत्या, तोच. आपल्या देवघरात आहे तोसुद्धा असाच समुद्रातला जीव होता, मग तिथला समुद्र आटून हिमालय वर आला. वन्सं उठल्या, देवघरापाशी जाऊन बराच वेळ बघत राहिल्या, हात जोडले आणि परत येऊन इतक्या देखण्या चकल्या पाडल्या की एकीचंही वेटोळं तुटलं नाही. ताटात तुळशीचं पान ठेवायचं का, एवढंच त्यांनी विचारलं.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. अडलं ते पुढे. ज्युरासिकच्या बऱ्याच आधी, पर्मियन नावाच्या काळाच्या शेवटी, एकदा पृथ्वीवरचे जवळजवळ सगळे जीव मेले, आणि ते दाखवायला लेकीला टेबलावर एक रिकामं ताट हवं होतं. वन्संनी सोऱ्या खाली ठेवला. लग्नाच्या रुखवतात मरण मांडायचं नाही, आणि रिकामं ताट तर मुळीच नाही. लेक म्हणाली, मग नकोच रुखवत. ते काढलं तर पुढचं काहीच कळत नाही, डायनोसॉर आले कुठून तेही नाही. आवाज चढले. मी मध्ये पडले नाही, कारण मला दोघींचंही पटत होतं आणि असं पटणारं माणूस भांडणात कुणालाच नको असतं.

मग वन्संनीच विचारलं, "सगळे म्हणजे सगळे मेले का गं? काहीच नाही उरलं?"

"उरले थोडे. त्या थोड्यांतूनच पुढचं सगळं आलं."

"मग रिकामं कसं म्हणतेस? शेजारणीची वाटी परत करताना आपण चिमूटभर साखर घालतो ना, तशी घाल त्यात."

वर्गात हे समजावायला मला एक अख्खा तास लागतो, लेक म्हणाली आणि त्यांच्या गळ्यात पडली. मग धीर करून तिने खरं काय ते सांगितलं, की असा संहार एकदा नाही, मोठा असा पाच वेळा झालाय. मला वाटलं, आता संपलं. पण वन्संचा चेहरा उजळला. पाच म्हणजे उत्तमच. मांडायची तर पाचही ताटं मांडा, शुभकार्यात पाचच असावं. अशा रीतीने पृथ्वीवरचे पाचही महासंहार आमच्या रुखवतात मानाने आले.

लग्नाच्या सकाळी मी हॉलवर पोचले तर रुखवत मांडून तयार. माझी भावजय कामाला वाघ, ती आधीच येऊन सगळे डबे उघडून बसली होती. गोड एका टेबलावर, तिखट दुसऱ्यावर, वड्या आणि बर्फ्या रंगांप्रमाणे. आमच्याकडे असंच मांडतात, तिचं काहीच चुकलं नव्हतं. पाच ताटांत साखर कशाला सांडून ठेवायची, म्हणून तिने ती एका वाटीत गोळा केली होती आणि ताटं एकात एक घालून टेबलाखाली सरकवली होती. पृथ्वीचा तापलेला गोळा, म्हणजे बुंदीचा मोठा लाडू, डायनोसॉरच्या अंड्यांशेजारी बसला होता. ती अंडी रव्याची होती, आणि पोरांनी त्यातली तीन तोवर खाल्लीही होती.

लेक गौरीहरापुढे बसलेली, तिथून नवरीने उठायचं नाही. वन्सं तिच्यापाशी. काळांच्या नावांच्या चिठ्ठ्या लेकीच्या पर्समध्ये आणि पर्स कुठे ते कोणालाच ठाऊक नाही. पदर खोचला आणि मी एकटीच ताटं हलवायला लागले. लाडू, बर्फी, मग समुद्राच्या तळाशी सरपटणाऱ्या किड्यांच्या करंज्या, ज्यांच्यावर मी काट्याने आडव्या रेघा ओढल्या होत्या. तसूभरही चूक होऊ द्यायची नव्हती. मागून कोणीतरी विचारलं, काय शोधताय? मी वर न बघताच म्हटलं, पर्मियन.

त्या विहीणबाई होत्या. अक्षतांचं काहीतरी विचारायला लवकर आल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वरमाई दारात आणि वधूमाय अर्धी टेबलाखाली. पण त्यांनी आपली पर्स खुर्चीवर ठेवली, शालूचा पदर कमरेला खोचला आणि सरळ खजुराच्या वड्यांचं ताट उचलून विचारलं, हे कशानंतर येतं? मी सांगितलं. मग प्रत्येक ताटाला त्या तेच विचारत गेल्या, शाळेतल्या बाईंसारखं, उत्तर येईपर्यंत थांबून. मला आश्चर्य वाटत होतं की मला येत होतं. साखरेचं ऐकून त्या थबकल्या. पाचही वेळा थोडं उरलंच का, म्हणून विचारलं, आणि पाचही ताटांत साखर त्यांनी स्वतःच्या हाताने घातली.

शेवटाकडे चिरोटे होते. मी म्हटलं, हे आपलं. ज्वालामुखीचा रस थरावर थर साठून इथले डोंगर झाले, मलंगगड काय नि येऊर काय, सगळे याच पापुद्र्यांचे. त्या म्हणाल्या की येऊरचा डोंगर त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो, आणि तो कशाचा आहे हे त्यांनी इतक्या वर्षांत कोणाला विचारलं नाही. मग त्यांनी विचारलं, "ती निघते कधी डोंगरात?"

चिरोट्यांचं ताट माझ्या हातातच राहिलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, मी हळूच म्हटलं.

त्यांनी बोटांच्या पेरांवर दिवस मोजले. "मग देवीला जाऊन येणं आणि सत्यनारायण, दोन्ही मेमध्येच उरकून घेऊ. तिला तयारीला चार दिवस मोकळे मिळायला हवेत. डोंगर थांबेल हो, पण सोबतची माणसं कशाला थांबतील?"

मला रडूच फुटलं. पाठवणीला अजून कितीतरी वेळ होता आणि मी भर हॉलमध्ये ताट धरून रडत होते. आनंदाचं रडणं होतं ते, पण बघणाऱ्याला काय कळणार. विहीणबाईंनी ताट काढून घेतलं, जागेवर ठेवलं आणि म्हणाल्या, आधी आत जाऊन तिला सांगून या.

लेक गौरीपुढे बसून तांदळाचे चार-चार दाणे वाहत होती. मी वाकून तिच्या कानात सांगितलं. तिने मुठीतले सगळे तांदूळ एकदम वाहून टाकले आणि माझा हात इतका घट्ट धरला की बांगड्या रुतल्या.

"आई, बैठक झाल्यापासून मला एक दिवस धड झोप नाही गं," ती म्हणाली.