कंस पुसले, आकडे राहिले

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टी मानत नाही. भूतखेत, अंगात येणं, उतारे... आमच्या घरातून हे सगळं धर्मांतराच्या वेळीच हद्दपार झालं. बौद्ध घरातली, बी.एस्सी. झालेली बाई मी. या सदरातले अनुभव वाचून मी चक्क हसायचे. तरी लिहितेय, कारण इतकी वर्षं डोकं खाजवूनही उत्तर मिळालेलं नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमचं घर लोहाऱ्याजवळ आणि माझी नोकरी जिल्ह्यातल्याच एका सहकारी साखर कारखान्यात. नाव सांगत नाही, गरजही नाही. नवा कॉम्प्युटर आला होता आणि सभासदांचं रजिस्टर मी त्यात चढवलं होतं... जसंच्या तसं. म्हणजे नाव, शेअर नंबर, आणि सभासद वारलेला असला तर बायकोच्या किंवा मुलाच्या नावाच्या ओळीत शेवटी कंसात 'वारस'.

पण आमच्या लोकांच्या नावापुढे, शेअर नंबरच्या आधी, आणखी एक कंस होता. त्यात आमची जुनी जात. धर्म बदलून एक पिढी गेली, तरी कारकुनांनी तो शब्द जपून ठेवलेला! तो मी इथंही लिहिणार नाही.

दिवाळीआधी सभासदांना स्वस्तात साखर मिळे. माईकवर यादी वाचत आणि कंसासकट वाचत. त्या वर्षी पाऊस नव्हता, ऊस उभ्याउभ्या वाळलेला, हातात दुसरं काही नव्हतं. तरी आई म्हणाली, "म्या न्हाय येत औंदा. चारचौघांत तसलं ऐकून घ्यायचं आन् वर साखर आणायची व्हय? लई झालं."

वडील वारल्यावर शेअर तिच्या नावावर झालेला. मी म्हटलं, "तू ये. बघते मी."

वाटपाच्या आदल्या दिवशी दुपारी मी बसले. तो शब्द चार कारकुनांनी चार तऱ्हांनी लिहिलेला, त्यामुळे एकेक शोधून भागणार नव्हतं. नमुना द्यावा लागणार होता : उघडा कंस, त्या शब्दाचं पहिलं अक्षर, मग टिंब, तारा, मग बंद कंस. टिंब म्हणजे कुठलंही अक्षर, तारा म्हणजे कितीही वेळा. सापडेल ते काढून टाक! एंटर दाबलं आणि मूळ फाइलवरच सेव्ह केलं. कॉपी ठेवली नाही... शुद्ध गाढवपणा.

हेडक्लार्क अण्णा मागे येऊन उभे. "रजिस्टरात हाय तसं छापायचं असतंय. ही साफसफाई तुम्हाला कुणी सांगितली?"

"मीच मला सांगितली."

त्यांनी स्क्रीनवरची कमांड अक्षर न् अक्षर कागदावर उतरवून घेतली आणि त्याच कागदावर मला मेमो दिला. पण वेळ उरला नव्हता. तीच यादी छापली आणि जीप ती घेऊन वाटप केंद्रावर गेली. मी पहिली चार पानं पाहिली होती. छान, स्वच्छ होती.

संध्याकाळी घरी आईनं विचारलं, "माझ्या नावाम्होरं ते वारस हाय न्हवं?"

मी गारच पडले. तारा हावरा असतो. पहिल्या बंद कंसाला तो थांबत नाही, ओळीतल्या शेवटच्या, म्हणजे 'वारस'च्या बंद कंसापर्यंत सगळं गिळतो. म्हणजे आमच्यातल्या प्रत्येक वारसाचा शेअर नंबर गेला होता! यादीत नंबर नाही तर साखर नाही. त्यांच्या सुनाबाळांना काय तोंड दाखवणार होते मी?

सकाळी आईला घेऊन गेले आणि रांगेत मान खाली घालून उभी राहिले. आईची पाळी आली. कारकुनानं नाव वाचलं आणि सवयीनं थांबला. कागदावर बोट फिरवत तो शब्द शोधू लागला.

"वाच की म्होरं," आई मोठ्यानं म्हणाली. "तितं आता काय न्हाय."

त्यानं वाचलं. शेअर नंबर. वारस.

मी यादी अक्षरशः हिसकावून घेतली. आमच्या सगळ्या वारसांचे नंबर जागेवर. तो एक शब्द तेवढा गेलेला.

नंतर त्याच मशीनवर तशाच ओळी टाइप करून, मेमोत पाहून तीच कमांड कितीदा तरी दिली. दर वेळी नंबर गायब. पुण्याहून आलेला इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी तुम्ही वेगळं काहीतरी दाबलं असणार." मी अण्णांच्या अक्षरातला मेमो त्याच्यापुढे धरला. तो चहा पिऊन निघून गेला.

मेमोला मी उत्तर दिलं नाही. कंस परत घालायला सांगितलं, तेही घातले नाहीत. पगारवाढ अडली, अडू दे.

ते आकडे कसे राहिले, मला आजही माहीत नाही. कुणी म्हणतं वडिलांनी वाचवले, कुणी आणखी कुणाचं नाव घेतं. घ्या बापडे. पण तो शब्द मी पुसला, माझ्या हातानं. त्याचं श्रेय मी कुठल्या भुताला देणार नाही.