नानांनी ठेवून घेतलेलं बटण

जगात कुठेही दोन वस्तू जोडलेल्या दिसल्या, की आमच्या सासऱ्यांचं जेवण थांबायचं. त्या नेमक्या कोणत्या इंग्रजी क्रियापदाने जोडल्यात, हे ठरल्याशिवाय पुढचा घास जात नसे. देवपूरच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून नाना निवृत्त झाले, ते फक्त कागदोपत्री. ट्रॉली ट्रॅक्टरला अटॅच होते, कारण उद्या ती सोडवता येते. सुताराने दोन फळ्या जॉईन केल्या की त्यांचा एकच पाट होतो. आणि कनेक्ट म्हणायचं तर मधून पाणी, वीज, काहीतरी वाहिलंच पाहिजे, असा त्यांचा कायदा. एकदा न्हाणीघरातला पाइप निसटला. नानांनी घोटाभर पाण्यात उभ्या असलेल्या प्लंबरला अडवलं, "आधी सांग, तू जॉईन करणार की कनेक्ट?" तो बिचारा म्हणाला, "सर, पानी बठ्ठं वाया जाई ऱ्हायनं, नाव नंतर ठेवा ना!" शेवटी सासूबाईंनी नानांनाच बाहेर काढलं.

मी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा माझ्या शर्टाचं बटण तुटून नेमकं पोह्यांच्या बशीत पडलं. नानांनी ते उचललं, रुमालाने पुसलं आणि विचारलं, "हे शर्टाला लावायचं, तर इंग्रजीत काय म्हणाल?" मी घाबरून म्हणालो, "जॉईन." "जॉईन? बटण आणि शर्ट मिळून एक होतात का हो?" उदाहरणाला उपयोगी पडेल म्हणून बटण त्यांनी खिशात टाकलं. मी होकार आणि सेफ्टी पिन घेऊन जळगावला परतलो.

अलीकडे त्यांनी एक वही सुरू केली होती. एका पानावर एक क्रियापद आणि शेजारी खरी वस्तू: कुठे टाचणी टोचलेली, कुठे डिंकाने तिकीट चिकटवलेलं, कुठे सुतळीची गाठ. माझं जळगावातच पिंप्राळ्याला ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान, म्हणून नळ्यांच्या बाबतीत मी त्यांचा तज्ज्ञ. दर आठवड्याला फोन यायचा. "जावईबापू, कनेक्टपाशी अडलोय. एक दिवस निवांत या. फोनवर नाही जमत." मी म्हणायचो, "पुढच्या रविवारी नक्की, नाना." पण रविवारी दुकानात रावेरचे केळीवाले शेतकरी यायचे. दिवाळीला जायचो, तोही घटकाभर. खरं सांगायचं तर मला त्या वहीचा कंटाळा यायचा. अशी दोन वर्षं गेली, आणि यंदा उन्हाळ्यात नाना गेले.

तेराव्यानंतर सासूबाईंनी ती वही माझ्या हातात ठेवली. कनेक्टचं पान कोरंच होतं. आधीच्या पानावर माझं बटण होतं, पांढऱ्या दोऱ्याने शिवलेलं, टाके वाकडेतिकडे. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'जावयांचं. निवांत आले की उसवून शर्टाला लावून द्यावे.'

"दर रविवारी वही काढून बसायचे," सासूबाई म्हणाल्या. "तो शर्ट आहे का हो अजून?"

तो शर्ट आम्ही केव्हाच बोहारणीला दिला होता. मी "आहे" म्हणालो.