नैरोबीतली मूठमाती

आई गेल्याचा भावाचा फोन रत्नागिरीहून आला, तेव्हा मी बहरीनमध्ये, तुबलीच्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसर उघडून बसलो होतो. आमच्यात मय्यत फार वेळ ठेवत नाहीत. तरी दुपारचं विमान मिळालं असतं, तर मातीला पोचलो असतो. मॅनेजर म्हणाला, "भाई, तुम्हारा नैरोबी साइट का टिकट निकल गया है. लीव्ह बाद में. खलास." नाही म्हटलं तर व्हिसा रद्द करीन, असंही वर ऐकवलं. मी भांडत राहिलो आणि तेवढ्यात मुंबईचं विमान सुटलं. त्या दिवशी मी नमाज सोडली. मॅनेजरवर राग होताच, पण त्याहून जास्त अल्लाहवर होता. चाळीस वर्षं रोज पाच वेळा कपाळ टेकलं, ते याचसाठी का?

दुसऱ्या दिवशी नैरोबीत उतरलो. आफ्रिका म्हणजे भट्टी, असं डोक्यात होतं. बाहेर पडताच गारवा झोंबला, त्याचाही राग आला. चित्रांनी रंगवलेल्या मिनीबस छाती हादरवणारी गाणी लावून धावत होत्या, दाराला लटकलेले कंडक्टर पत्र्यावर थापा मारत ओरडत होते. बाभळीच्या शेंड्यांवर टकले, प्रचंड करकोचे बसलेले. काचेच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी बायका कणसं भाजत हसत होत्या. एवढ्या मोठ्या शहरात एकालाही माझी आई गेल्याचं ठाऊक नाही, हेच मला सहन होईना.

मला साइटवर न्यायला सालिम नावाचा साठीचा ड्रायव्हर आला होता. वाटेत त्याने मशिदीपाशी गाडी थांबवली. "जोहरच्या नमाजची वेळ झालीय. येता?"

"नाही," मी तोडून टाकलं.

तो थोड्या वेळाने धावतच परत आला. आत एका म्हातारीची मय्यत होती. जन्मभर लोकांची धुणीभांडी केलेली, मागे कुणी नाही. खांदा द्यायला माणसं कमी पडत होती.

"माझा काय संबंध?" मी जवळजवळ किंचाळलो.

"काहीच नाही," तो शांतपणे म्हणाला. "तिचा कुणाशीच नाही. म्हणून विचारलं."

मी का उतरलो, ते मला अजून सांगता येत नाही. हातपाय-तोंड धुऊन वुजू केली, जनाज्याच्या नमाजला उभा राहिलो, खांदा दिला. कब्रस्तानात लाल माती होती, अगदी आमच्याकडची. कबरीत उतरायला कुणी पुढे होईना, तेव्हा मीच उतरलो. ते हलकं शरीर दोन्ही हातांवर घेतलं आणि किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला, तोंड करून अलगद ठेवलं. वर आल्यावर तीन मुठी माती टाकली आणि मला हुंदका फुटला.

सालिमने पाठीवर हात ठेवला. "पोले, भाई," म्हणाला. सांत्वनाचा तिकडचा शब्द. मग हळूच विचारलं, "तुमचं कोण गेलं?" मी त्याला काहीच सांगितलेलं नव्हतं.

बहरीनला परतलो तो थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये. जे बोलायचं ते सगळ्यांदेखत बोललो, रजा घेतली आणि गावी जाऊन आईच्या कबरीपाशी बसून आलो. त्या माणसाला मी माफ केलेलं नाही. तेवढं मोठं मन माझ्याकडे नाही. पण अल्लाहशी भांडण मिटलं. त्याने मला आईपाशी पोचू दिलं नाही. जिथे कुणीच नव्हतं, तिथे पोचवलं. का, ते मी आता विचारत नाही.

आता दुआला हात उचलले की आधी त्या परक्या म्हातारीसाठी मागतो, मग आईसाठी. आई रागावणार नाही, मला माहीत आहे.